गोड आठवणी कुणाच्या आणि बंद शाळा कुणाची?



गेल्या काही वर्षांत गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक नवा रडका प्रकार सुरू झाला आहे. बंद पडलेल्या जिल्हा परिषद शाळेचा फोटो टाकायचा. पत्रे उडालेले, व्हरांड्यात शेळ्या बांधलेल्या, फळ्यावर कुणीतरी कोळशाने नाव खरडलेले. खाली लिहायचे, आमची शाळा, आमचे दुसरे घर. मग पुण्यातून, ठाण्यातून, दुबईतून हुंदके येतात. कुणाला गुरुजींची छडी आठवते, कुणाला चिंचेचे झाड, कुणाला पाढ्यांचा आवाज. दोन दिवस गहिवर चालतो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी गुड मॉर्निंगचा फोटो टाकतो आणि शाळा वर सरकून दिसेनाशी होते.

कुणी आपल्या बालपणावर रडू नये असे आमचे म्हणणे नाही. आमचे भांडण दोन गोष्टींवर आहे. एक, या गोड आठवणींमध्ये आम्ही कुठेच नाही. दुसरे, शाळेला कुलूप लागत होते त्या दिवशी हे गहिवरणारे माजी विद्यार्थी कुठेच नव्हते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, आणि तो आंबेडकरी तरुणांनी नीट समजून घ्यावा म्हणून हा लेख.

सातारा-सोलापूरच्या सीमेवरच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावात आम्ही काही कार्यकर्ते गेल्या उन्हाळ्यात फिरलो. गावाचे नाव लिहीत नाही, कारण तिथे आमची माणसे राहतात आणि त्यांना रोज त्याच रस्त्याने जायचे असते. गावाची प्राथमिक शाळा लोकल बोर्डाच्या काळातली. आधी मारुतीच्या देवळात भरायची, मग दोन खोल्या झाल्या, १९६२ नंतर जिल्हा परिषदेची झाली. पाच-सहा वर्षांपूर्वी पट कमी म्हणून अडीच किलोमीटरवरच्या शाळेत तिचे समायोजन झाले. समायोजन हा सरकारी शब्द आहे. गावात लोक सरळ म्हणतात, शाळा मोडली.

त्या शाळेत शिकलेल्या माणसांना आम्ही एकच विचारले, शाळेतले काय आठवते? पाटलाच्या वाड्यातल्या, आता पुण्यात बंगला असलेल्या गृहस्थांना आठवले की सगळ्या जातींची पोरे एकत्र बसायची, गुरुजी देवमाणूस होते, सणासुदीला वाड्यावर जेवायला यायचे. त्याच वर्गात, त्याच वर्षी, आमच्या वस्तीतले एक आजोबा होते. त्यांना आठवले की त्यांची जागा दाराजवळ, जिथे पोरे चपला काढायची तिथे. पाटी तपासून घ्यायची तर ती जमिनीवर ठेवून मागे सरकायचे, गुरुजी वाकून बघायचे. छडी मात्र लांबूनच फेकून मारायचे, म्हणजे विटाळ नको. पाण्याचा माठ होता, पण तो आठवणीतही त्यांना लांबूनच दिसतो. आम्ही विचारले, मग तहान लागली तर? आजोबा हसले. म्हणाले, "घर कुठं लांब व्हतं? पळत जायचं नि पळत यायचं. तेवढ्यात हजेरी झाली की गैरहजर."

हे सांगणारे आजोबा पाटलाच्या पोराला खोटारडा म्हणत नाहीत, हे विशेष. त्या पोराला खरेच तसेच दिसले असेल. दाराजवळ काय चालले आहे हे पुढच्या रांगेतून मान वळवल्याशिवाय दिसत नाही, आणि मान वळवायची गरज त्याला कधी पडली नाही.

वस्तीतल्या एका मावशींना शाळेचे पहिले आठवले ते झाडणे. वर्ग झाडायचा, शनिवारी शेणाने सारवायचा. पाळी सगळ्या मुलींची म्हणत, पण शेण आणायची पाळी बौद्ध आणि मातंग मुलींचीच कशी यायची, हे कोडे त्यांना अजून सुटलेले नाही. पुढे त्या मुंबईला घाटकोपरला गेल्या, धुणीभांडी केली, तीन मुले शिकवली. चौथीपर्यंतच्या शाळेतून त्यांना मिळाले काय, असे आम्ही विचारले तर त्या म्हणाल्या, बसची पाटी वाचता येते. एवढेच म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

नंतरच्या पिढीच्या आठवणी वेगळ्या आहेत आणि त्या आमच्याही आहेत. १९९५ नंतर महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा, हजेरी भरली तर. वायरची पिशवी घेऊन रांगेत उभे राहायचे. आमच्या घरी त्या तांदळाची वाट बघितली जायची, आणि ज्यांच्या घरी बघितली जात नव्हती त्यांना ती रांग आठवतसुद्धा नाही. मुलींना हजेरीचा दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता होता. त्या रुपयाच्या आशेने किती आईबापांनी मुलीला शेळ्यांमागे धाडण्याऐवजी शाळेत धाडले, याचा हिशोब कुठल्या अहवालात सापडेल की नाही सांगता येत नाही, पण आमच्या वस्तीतल्या बायका तो तोंडपाठ सांगतात. नंतर शिजवलेली खिचडी आली. खिचडी शिजवायला आमची बाई लागली तेव्हा काही घरांनी पोरांना डबे द्यायला सुरुवात केली. भांडण नाही, निषेध नाही, फक्त डबे. ही आठवणसुद्धा गोड ग्रुपवर कधी येत नाही.

हालब्वाक्स नावाचा एक फ्रेंच समाजशास्त्रज्ञ होऊन गेला. माणूस एकटा आठवत नाही, तो आपल्या समूहाच्या चौकटीत आठवतो, हे त्याने मांडले. एम.ए.ला हे शिकताना आम्हाला त्यात फार काही नवीन वाटले नव्हते, कारण गावकुसाच्या आत आणि बाहेर दोन वेगळ्या आठवणी असतात हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. दया पवारांच्या 'बलुतं'पासून शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा'पर्यंत आपल्या माणसांनी शाळेबद्दल लिहिले ते याच दुसऱ्या बाजूने लिहिले. त्याच्याही फार आधी, १८५५ मध्ये, फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. चौदा वर्षांच्या पोरीने शाळेत शिकून पहिले काय केले असेल, तर आपल्या समाजाची साक्ष लिहून ठेवली.

आता आपल्यातलेच काही तरुण म्हणतात, मग बरे झाले ना मोडली ती शाळा! जिथे आमच्या बापाला चपलांजवळ बसवले त्या खोल्यांसाठी आम्ही का रडायचे? पडू द्या. हा राग खरा आहे आणि आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. पण तो चुकीच्या दारावर आदळतो आहे. बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत काय सोसले हे आपण लहानपणापासून ऐकतो. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून न्यायचा आणि घरी परत आणायचा, शिपायाने नळ सोडला तरच पाणी. असे सोसलेल्या माणसाने शाळा पडू द्या असे म्हटले का? १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात उभे राहून शिक्षणाच्या खर्चाचा हिशोब मागितला. प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांतली अठराच चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हे आकडे त्यांनी सरकारच्या तोंडावर ठेवले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. अपमान त्यांनी विसरला नाही आणि शाळाही सोडली नाही.

शाळेचे दार आपल्यासाठी कुणी मेहेरबानीने उघडलेले नाही. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात ते सक्तीचे आणि मोफत केले, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत घ्यायचा हुकूम काढला. १९२३ मध्ये बोले ठराव आला, त्यात पाणवठ्यांबरोबर सरकारी शाळाही होत्या. तरीही आमच्या आजोबांची जागा तीस-चाळीस वर्षांनी दाराजवळच होती! म्हणजे कागदावर शाळा मिळाल्यानंतर वर्गात जागा मिळायला दोन पिढ्या गेल्या. आणि वर्गाच्या मधोमध बसायची वेळ आली तेव्हा वर्गच बंद.

हे कसे घडले ते बघा. गावातली ज्यांची ऐपत होती त्यांनी आपली पोरे पिवळ्या बसमध्ये बसवून तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला पाठवली. कुणाला पोराच्या इंग्रजीची काळजी होती, कुणाला खिचडी कोण शिजवते याची. पाटलाची गेली, मग वाण्याची गेली, मग नोकरदारांची. शाळेत उरली ती बौद्धांची, मातंगांची, वडार-धनगरांची आणि दोन एकर कोरडवाहूवाल्या गरीब कुणबी-मराठ्यांची पोरे. शिक्षकाची जागा रिकामी झाली की वर्ष-वर्ष भरत नव्हती. शिक्षक नाही म्हणून आणखी पोरे गेली, पोरे नाहीत म्हणून शिक्षक आला नाही. कुटुंबे लहान झाली हेही खरे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण शाळा ओस पडली यात निम्मा हात ती सोडून गेलेल्यांचा आहे, आणि आज फोटोखाली रडणारे बहुतेक तेच आहेत.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने समूह शाळांचा विषय काढला तेव्हा जे आकडे बाहेर आले ते लक्षात ठेवा. २० पेक्षा कमी पट असलेल्या १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुले आणि २९,७०७ शिक्षक. त्याआधी २०१७ मध्ये १० पेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करायचा निर्णय झाला होता. सरकारचे म्हणणे असे की छोट्या शाळेत मुलांना सोबती मिळत नाहीत, खेळ नाही, ग्रंथालय नाही, म्हणून मोठ्या शाळेत एकत्र आणू. यात तथ्य अजिबात नाही असे आम्ही म्हणणार नाही. चार पोरांच्या वर्गात कबड्डी होत नाही, आणि दोन शिक्षकांत चार इयत्ता शिकवणे किती अवघड असते ते शिक्षकालाच विचारावे. पण मग या प्रश्नाचे उत्तर द्या: सहा वर्षांच्या पोरीने अडीच किलोमीटर कसे जायचे? आम्ही पाहिलेल्या गावात मध्ये ओढा आहे आणि एक डांबरी रस्ता आहे ज्यावरून उसाचे ट्रॅक्टर धावतात. गाडी देऊ असे आश्वासन होते. गाडी काही दिवस आली, ती गावठाणात वेशीजवळ थांबायची, वस्तीपर्यंत यायची नाही. मग तीही बंद झाली. वस्तीवरची दहा-बारा पोरे आज चालत जातात. मुलगे जातात असे म्हणू. मुलींचे पाऊसपाण्यात आणि सुगीत काय होते ते विचारायला कुणी येत नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. राज्याचे नियम २०११ चे. पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी हे त्यात आहे. वीस मुलांची अट आहे ती नवी शाळा काढताना परिसरात किमान एवढी मुले असावीत म्हणून. चालू शाळा वीसच्या खाली आली की मोडा, असे कुठे लिहिले आहे ते आम्हाला दाखवावे. उलट कायद्याच्या अनुसूचीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. आणि गंमत बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच सरकारने नियम बदलला की १ किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेने गरिबांसाठी २५ टक्के जागा ठेवायची गरज नाही. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल जुलै २०२४ मध्ये रद्द केला म्हणून बरे. खासगी संस्थाचालकांना सूट द्यायची तेव्हा शेजारची सरकारी शाळा पुरेशी चांगली, आणि तिच्यावर खर्च करायची वेळ आली की तीच शाळा पट नाही म्हणून निकामी! हा दुटप्पीपणा ज्यांच्या लक्षात येत नाही त्यांनी पुन्हा एकदा वाचावे.

थोडे आपल्या घरातही बघू. आपल्या समाजातले जे साहेब झाले, वर्ग एक आणि दोनचे अधिकारी झाले, त्यातले कितीतरी याच दोन खोल्यांतून गेलेले आहेत. १४ एप्रिलला ते गावी येतात, डीजेची पावती फाडतात, विहाराच्या फरशीला देणगी देतात, भाषणात शिका म्हणतात. द्यावी देणगी, विहार हवाच. पण शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असावे लागतात, त्यात निम्म्या महिला, आणि दुर्बल घटकांना प्रमाणात जागा, हे कायद्यातले वाक्य त्यांनी वस्तीतल्या एका तरी आईला समजावून सांगितले का? शाळा मोडायच्या वेळी समितीच्या ठरावावर आमच्या बायकांचे अंगठे घेतले गेले. कशावर ते त्यांना माहीत नव्हते. चंद्रमणी साहेब नको, सोनेरी नावाची पाटी नको, त्या दिवशी कागद वाचून दाखवणारा एक माणूस हवा होता.

आता मुद्द्याची गोष्ट, जी गोड आठवणवाल्यांच्या गावीही नाही. शाळेत सगळ्यांत महत्त्वाची वस्तू कुठली? घंटा नाही, फळा नाही. जनरल रजिस्टर. दाखल-खारीजचे ते जाड, कडक पुठ्ठ्याचे बाड. त्यात पोराचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख. जात पडताळणीला गेलेल्या कुणालाही विचारा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात. ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्याकडे सातबारा असतो, खरेदीखत असते. आमच्या पणजोबाकडे काय होते? कुठे वतनाची नोंद सापडली तर सापडली, नाहीतर शाळेतल्या त्या एका ओळीवर सगळे येते. आजोबा दोन वर्षेच शाळेत गेले असतील, चपलांजवळ बसले असतील, पण गुरुजींनी त्यांचे नाव आणि जात दौतीच्या शाईने लिहिली. ज्या शाईने हिणवले तीच आज नातवाच्या मेडिकलच्या प्रवेशाला लागते. धर्मांतरानंतर काही बापांनी हट्टाने बौद्ध लिहायला लावले, काही ठिकाणी गुरुजींनी जुनेच ठेवले, आणि त्या नोंदींचा मेळ घालताना आज आमच्या पोरांच्या चपला झिजतात. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

शाळा मोडली तेव्हा हे रजिस्टर कुठे गेले? कायमचे जपायचे दप्तर आहे ते. नियमाने ज्या शाळेत समायोजन झाले तिथे जायला हवे. आम्ही पाहिले तेव्हा नव्या शाळेत अलीकडची दोन बाडे होती, जुनी नव्हती. एकाने सांगितले तालुक्याला गेली, तालुक्यात सांगितले शाळेतच असतील. जुन्या इमारतीत एक पत्र्याची पेटी आहे, तिला कुलूप आहे, आणि वरचा पत्रा फुटलेला आहे. पाऊस थेट आत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचे ठरले तेव्हा शासनाने शिंदे समिती नेमली, जुनी दप्तरे उघडली, मोडी वाचणारे बसवले. कुणाच्या हक्काला आमचा विरोध नाही. आम्ही एवढेच विचारतो की जुन्या नोंदीची किंमत सरकारला इतकी चांगली कळते, तर मोडलेल्या शाळांतली बाडे उंदरांच्या हवाली का?

त्या इमारतीच्या जागेवर सभामंडप बांधायची चर्चा गावात सुरू आहे. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपने वर्गणीची तयारीही दाखवली आहे, मंडपाला त्या देवमाणूस गुरुजींचे नाव द्यायचे म्हणे. म्हणजे खोल्या पाडायच्या, पेटी भंगारात जायची, आणि पाट्या ठेवल्या त्या जमिनीवर फरशी बसायची.

त्यामुळे ज्या ज्या गावात अशी शाळा आहे तिथल्या कार्यकर्त्यांनी या पावसाळ्याच्या आत काही कामे करावीत. ज्या शाळेत समायोजन झाले तिच्या मुख्याध्यापकांकडे आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे माहिती अधिकारात अर्ज करा: बंद शाळेची जनरल रजिस्टरे कोणत्या साल ते साल आहेत, कुणाच्या ताब्यात आहेत, ताबा दिल्याची पावती कुठे आहे. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. रजिस्टर सापडले की वस्तीतल्या प्रत्येक घराने आपल्या आजोबा-पणजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा सही-शिक्क्यानिशी काढून घ्यावा, आज लागत नसला तरी. शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी मोबाइलवर नोंदवून ठेवा, कोण कुठे बसायचे ते विचारायला विसरू नका. सहा ते अकरा वयाच्या मुलांची घरोघर यादी करा, कोण किती चालत जाते, कोणत्या मुलीने कधी शाळा सोडली ते लिहा, आणि ती यादी घेऊन ग्रामसभेत वस्तीतल्या बायकांसह जा. सभामंडपाचा ठराव आला तर विरोध तोंडी करू नका, इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची नक्कल मागा.

आम्ही त्या गावातला अर्ज दिला आहे. पत्र्याच्या पेटीवर तोवर प्लास्टिकचा कागद टाकून वर दगड ठेवले आहेत. ते काम आजोबांनी स्वतः केले, कुणाला हात लावू दिला नाही.